हेल्मेटवरचा अ‍ॅक्शन कॅमेरा खान्देशात वापरताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तोरणमाळचा घाट, चांदसैली, पाल, पाटणादेवी, लळिंगचा किल्ला. सुट्टीच्या दिवशी मोटरसायकल, सायकल किंवा दोर घेऊन इकडे निघणाऱ्यांच्या हेल्मेटवर आता कॅमेरा दिसतो. त्याबद्दल लोक जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. कॅमेऱ्यांची बहुतेक माहिती थंड देशांतल्या बर्फाच्या उतारांवर तपासून लिहिलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि रस्ता सोडला की घोट्याएवढा फुफाटा असतो. त्यामुळे इथली काही उत्तरं वेगळी निघतात.

कोणता कॅमेरा घेऊ?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. यात तीन जाती आहेत. पहिली काडेपेटीपेक्षा थोड्या मोठ्या, चौकोनी कॅमेऱ्यांची: गोप्रोची हीरो मालिका, डीजेआयचा ऑस्मो अ‍ॅक्शन, इन्स्टा३६० चा एस प्रो. वजन साधारण दीडशे ग्रॅम. दुसरी अंगठ्याएवढ्या कॅमेऱ्यांची. इन्स्टा३६० चा गो ३ फक्त ३५ ग्रॅमचा आहे. तिसरी जात दोन्ही बाजूंना भिंग असलेल्या, चौफेर टिपणाऱ्या ३६० अंशांच्या कॅमेऱ्यांची.

हेल्मेटवरच लावायचा हे पक्कं असेल तर वजन आणि उंची याच दोन गोष्टी आधी पाहा. सायकलिंग किंवा दोरावरून उतरण्यासाठी छोटा कॅमेरा मानेला जाणवतही नाही. मात्र त्याची बॅटरी लवकर संपते, आणि गो ३ मध्ये ४के (सुमारे चार हजार ठिपके रुंद) चित्रण होत नाही, २.७के पर्यंतच होतं. दिवसभराच्या मोटरसायकल प्रवासाला चौकोनी कॅमेरा बरा, कारण बॅटरी बदलता येते. ३६० अंशांचा कॅमेरा हेल्मेटवर उंच उभा राहतो, झाडाच्या फांदीला अडकतो, आणि पडलात तर दोनपैकी एक भिंग जमिनीवर घासणारच. तो हॅंडलला किंवा हातातल्या काठीला शोभतो. हेल्मेटसाठी मी तो सुचवत नाही.

नव्यातला नवा घेण्याचा आग्रह सोडा. गोप्रोच्या हीरो ९ पासून हीरो १२ पर्यंत बॅटरी एकच चालते, त्यामुळे जुना घेतला तरी जादा बॅटऱ्यांची अडचण येत नाही. २०२४ च्या हीरो १३ ची बॅटरी मात्र वेगळी आहे, जुनी तिच्यात बसत नाही. नकाशावर वाट आणि वेग दाखवायची हौस असेल तर हे ध्यानात ठेवा की हीरो १२ मधून जीपीएस काढून टाकलं होतं आणि १३ मध्ये ते परत आलं. सातपुड्यातल्या सागाच्या दाट सावलीत, किंवा संध्याकाळी घाट उतरताना चित्रण करणार असाल, तर मोठ्या सेन्सरचा (प्रकाश टिपणाऱ्या चिपचा) कॅमेरा घ्या. डीजेआयच्या अ‍ॅक्शन ४ मध्ये १/१.३ इंचाचा सेन्सर आहे आणि अंधारात त्याचा फरक दिसतो.

पाच-सात हजारांत "४के" लिहिलेले कॅमेरे मिळतात. ते चालतील का?

खोक्यावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. अशा बऱ्याच कॅमेऱ्यांत सेन्सर कमी क्षमतेचा असतो आणि चित्र नंतर ताणून ४के केलेलं असतं. फाइल मोठी होते, तपशील वाढत नाही. पण खरी उणीव असते ती हादरे शोषण्याची. घाटातल्या खड्ड्यांवरून जाताना चित्र इतकं थरथरतं की दोन मिनिटांत बघणाऱ्याचं डोकं दुखतं. तेवढ्याच पैशांत चांगल्या कंपनीचा दोन-तीन पिढ्या जुना, वापरलेला कॅमेरा मिळाला तर तोच घ्या. तो कसा तपासायचा ते शेवटी दिलं आहे.

हेल्मेटवर कॅमेरा लावल्याने हेल्मेट असुरक्षित होतं का?

प्रामाणिक उत्तर: होऊ शकतं, आणि म्हणूनच कुठे, कसा लावता याला महत्त्व आहे.

हेल्मेटचं बाहेरचं कवच गोल आणि गुळगुळीत असतं ते दिसायला छान म्हणून नव्हे. डोकं जमिनीवर आपटल्यावर अडकून न बसता घसरत जावं, मानेला पीळ बसू नये, हा त्यामागचा हेतू. त्या गोलाईवर टणक ठोकळा बसवला की तो अडकू शकतो किंवा सगळा मार एकाच जागी देऊ शकतो. युरोपच्या ईसीई २२.०६ या मानकात हेल्मेटसोबत कंपनीने स्वतः दिलेली जोडसामग्रीच तपासली जाते. आपण बाजारातून आणून चिकटवलेला माउंट, म्हणजे कॅमेरा बसवायची बैठक, त्या तपासणीत नसतो. फॉर्म्युला वनचा शर्यतपटू मायकेल शूमाकर २९ डिसेंबर २०१३ रोजी फ्रान्समधल्या मेरिबेलला स्कीइंग करताना पडला, तेव्हा त्याच्या हेल्मेटवर कॅमेरा होता. कॅमेऱ्यामुळे इजा वाढली का, यावर पुढे खूप चर्चा झाली. तसं सिद्ध झालेलं नाही. पण त्या चर्चेनंतर हा प्रश्न सगळीकडे गांभीर्याने घेतला जाऊ लागला.

म्हणून काही गोष्टींना माझा ठाम नकार आहे. हेल्मेटला भोक पाडून स्क्रू बसवू नका, कारण आतला थर्माकोलचा थरच जीव वाचवतो आणि स्क्रूचं टोक त्याच दिशेला असतं. कवच पुसायला पेट्रोल किंवा थिनर वापरू नका, कवचाचं पॉलिकार्बोनेट (टणक प्लास्टिक) त्याने ठिसूळ होतं. धातूचा लांब दांडा लावून कॅमेरा उंच करू नका. माउंट असा हवा की खड्ड्यात हलणार नाही, पण पडलात तर तुटून बाजूला होईल. चिकटपट्टीचा प्लास्टिक माउंट या कामाला योग्य, कारण जोराच्या धक्क्याला तो निघून येतो.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार दुचाकीवर हेल्मेट सक्तीचं आहे, आणि १ जून २०२१ पासून देशात भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह असलेलीच दुचाकीची हेल्मेटं विकता येतात. हेल्मेटमध्ये फेरफार केल्याचं कारण देऊन पोलीस हरकत घेऊ शकतात. केरळच्या मोटार वाहन विभागाने २०२२ मध्ये हेल्मेटवर कॅमेरा लावणाऱ्यांना दंडाचा आणि परवाना निलंबनाचा इशारा दिला होता. आपल्याकडेही हायवेवर, धुळे-पळासनेर असो की कोंडाईबारीचा घाट, कॅमेरा छातीच्या पट्ट्यावर किंवा हॅंडलवर ठेवणं शहाणपणाचं. आडवाटेला लागलात की मग हेल्मेटचं बघा.

आणि एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरू नका. वरून तडा दिसत नसला तरी आतला थर दबलेला असतो.

हेल्मेटवर नेमका कुठे लावू?

पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट असेल तर हनुवटीवर. डोळ्यांच्या जवळची पातळी, हॅंडल आणि हात चौकटीत येतात, वेग खरा वाटतो, आणि वाऱ्याचा ओढही कमी. डोक्यावर मधोमध लावलेला कॅमेरा लांबचं दाखवतो पण चढ-उतार सपाट करून टाकतो. तोरणमाळचा सातपायरी घाट त्यातून साधा रस्ता वाटतो. बाजूला लावला तर वजन एकीकडे जातं, दुपारपर्यंत मान दुखते.

सायकलच्या जाळीदार हेल्मेटला चिकटपट्टी लागत नाही, तिथे भोकांतून ओवायचा पट्टा घ्या. गिर्यारोहणाच्या हेल्मेटला पुढे हेडलॅम्पच्या खाचा असतात, छोटा कॅमेरा तिथेच बसवता येतो.

कोन ठरवताना जमिनीवर उभं राहून ठरवू नका. गाडीवर बसा, चालवताना जेवढे वाकता तेवढे वाका, मिनिटभर चित्रण करून मोबाइलवर बघा. निम्म्या लोकांच्या चित्रणात नुसतं आभाळ किंवा नुसती टाकी असते, ती या एका मिनिटाच्या आळसामुळे.

मे महिन्यात चिकटपट्टी सुटते. उपाय काय?

पट्टी उन्हात सुटलेली दिसते, पण बहुतेक वेळा ती लावतानाच चुकलेली असते. कवचाची ती जागा आधी साबणाच्या पाण्याने आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. हाताचं तेल लागू देऊ नका. गोल जागेला गोल पट्टी, सपाट जागेला सपाट. दाबून बसवल्यावर पूर्ण २४ तास हात लावू नका. निघायच्या सकाळी अंगणात चिकटवलेला माउंट संध्याकाळपर्यंत राहणार नाही. खडबडीत मॅट रंगाच्या हेल्मेटवर पकड कमीच असते, तिथे हनुवटीला गुंडाळायचा पट्ट्याचा माउंट वापरा. सोबत एक आखूड दोरी हेल्मेटला बांधा, म्हणजे माउंट सुटला तरी कॅमेरा दरीत जाणार नाही. दोरी वितीपेक्षा लांब नको, आणि गळ्याभोवती तर कधीच नको.

उन्हात कॅमेरा गरम होऊन बंद पडतो. बिघडला आहे का?

नाही, तो स्वतःला वाचवतोय. हा खान्देशातला सगळ्यात मोठा प्रश्न आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

हे कॅमेरे पाण्यापासून बचावासाठी बंद डबीसारखे असतात, आत पंखा नसतो. चित्रावर प्रक्रिया करणारी चिप, बॅटरी आणि कार्ड, तिन्ही एकाच वेळी तापतात आणि उष्णता बाहेर पडायला वाऱ्याचीच वाट असते. कंपन्या माहितीपत्रकात वापराचं कमाल तापमान लिहितात, काही मॉडेलना ते ३५ अंश आहे तर काहींना ४५. कॅमेरा घेण्याआधी हा एक आकडा नक्की वाचा. भुसावळच्या दुपारी सावलीतच तो ओलांडला जातो, काळ्या हेल्मेटवर तर विचारूच नका.

उपाय असे. चालत्या गाडीवर वारा लागतो तोवर कॅमेरा तग धरतो. चहाला थांबलात की चित्रण बंद करा, चालू ठेवून हेल्मेट आरशाला लटकवू नका. ४के ६० (म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम, ६० चित्रं) ऐवजी ४के ३० किंवा २.७के वर या, उष्णता लगेच कमी होते. मागचा पडदा, वायफाय आणि गरज नसेल तर जीपीएस बंद ठेवा. सलग तासभर चालवण्यापेक्षा वळण, ओढा, चढ असे तुकडे घ्या. पॉवर बॅंकेवरून चालवत असाल आणि तुमच्या मॉडेलला चालत असेल, तर आतली बॅटरी काढून फक्त केबलवर चालवा. बॅटरीच्या चार्जिंगची उष्णता वाचते. तापलेला कॅमेरा बर्फाच्या डब्यात किंवा थंड पाण्यात टाकू नका, आत दव धरतं. सावलीत, ओल्या रुमालाशेजारी दहा मिनिटं ठेवला की पुरे.

बॅटऱ्या टाकीवरच्या काळ्या बॅगेत उन्हात ठेवू नका. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायचीच नाही, मग ती कितीही महाग असो.

खरं सांगायचं तर एप्रिल-मेमध्ये सूर्योदयापासून नऊपर्यंत फिरा. प्रकाश तेव्हाच सुंदर असतो, आणि तब्येतीलाही तेच बरं.

फुफाटा आणि काळ्या मातीचं काय?

धूळ भिंगाच्या काचेवर बसली की हातमोज्याने पुसू नका, बारीक खडे काचेवर ओरखडे काढतात. आधी फुंकणीने उडवा, मग मऊ कापड. पुढची काच बदलता येते असा कॅमेरा असेल तर एक जादा काच जवळ असू द्या. बॅटरीचं दार वाटेत, धुळीत उघडायची वेळ आली तर कॅमेरा उलटा धरून उघडा आणि दाराची रबरी कड बोटाने तपासून बंद करा. एक केस अडकला तरी पुढच्या ओढ्यात पाणी आत जातं. पावसाळ्यातली काळी माती मात्र घासायची नाही. भिजवा, मऊ होऊ द्या, वाहत्या पाण्याखाली सोडवा.

सेटिंग काय ठेवू?

भर दिवसा: ४के, ३० किंवा ६० फ्रेम, हादरे शोषणारी सोय चालू, आयएसओची (प्रकाशाला कॅमेरा किती संवेदनशील असावा त्या आकड्याची) कमाल मर्यादा ४०० ते ८००. हळू गतीत दाखवायचा एखादा क्षण असेल तेवढ्यापुरते १२० फ्रेम. सावलीच्या जंगलात ६० वरून ३० वर या आणि आयएसओची मर्यादा १६०० करा. अंधार पडू लागला की हादरे शोषणारी सोय उलट त्रास देते, कारण प्रत्येक फ्रेमच हलल्यामुळे पुसट झालेली असते आणि ती स्थिर केली तरी पुसटपणा राहतो. तेव्हा वेग कमी करा, दुसरा इलाज नाही. एनडी फिल्टरचंही (भिंगावर लावायच्या काळसर काचेचंही) तसंच. त्याने शटर संथ होतं, आणि खडबडीत वाटेवर चित्र चिखलासारखं होतं. सुरुवातीला ते घेऊच नका.

रात्री गावातले दिवे लुकलुकताना दिसत असतील तर फ्लिकरची सेटिंग ५० हर्ट्झ करा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, कॅमेरे पुष्कळदा ६० वर लावून येतात.

कार्ड कोणतं?

व्ही३० लिहिलेलं. म्हणजे सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहिण्याची हमी. दर सेकंदाला १०० मेगाबिट (म्हणजे साडेबारा मेगाबाइट) या दराने तासाला ४५ जीबी भरतात, म्हणजे १२८ जीबीचं कार्ड पावणेतीन तासांच्या आसपास जातं. नावाजलेल्या कंपनीची बनावट कार्डं बाजारात भरपूर आहेत. घेतल्यावर घरी ते पूर्ण भरून, परत वाचून बघा, आणि मगच डोंगरात न्या. कार्ड दर वेळी कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, आधी चित्रण उतरवून घेऊन.

बघणाऱ्यांना चक्कर येते म्हणतात.

हेल्मेटवरचा कॅमेरा तुमच्या मानेसोबत फिरतो. तुम्ही आरशात, डाव्या शेतात, मागच्या मित्राकडे बघता तेव्हा प्रेक्षकही हिसका खातो. म्हणून चित्रण चालू असताना मान संथ फिरवायची सवय लावा. पण रस्त्यावर सुरक्षेसाठी बघणं कधीच टाळू नका, चित्र बिघडलं तरी चालेल. शिवाय सगळंच हेल्मेटवरून दाखवू नका. वळणावर मित्राला उभं करून तुम्ही येताना टिपायला सांगा. असे चार-पाच तुकडे मधे जोडले की डोळ्यांना विसावा मिळतो आणि दरी किती खोल आहे तेही कळतं.

आवाजात नुसता वारा येतो.

बाहेरच्या माइकवर स्पंजचं टोपण लावा. बोलायचंच असेल तर छोटा माइक हेल्मेटच्या आत, ओठांच्या कडेला, गादीखाली बसवा. त्यासाठी तुमच्या कॅमेऱ्याला जोडता येणारा अ‍ॅडॉप्टर किंवा वायरलेस माइक लागेल. वायर बाहेर लोंबू देऊ नका.

धबधबा, धरण, ओढा: वरून वेगळी केस हवी का?

हीरो ५ पासूनचे बहुतेक हीरो गोप्रो केसशिवाय १० मीटरपर्यंत चालतात, अ‍ॅक्शन ४ तर १८ मीटरपर्यंत. आपल्या ओढ्यांना हे पुष्कळ आहे. पण कयाक घेऊन वाघूर किंवा हतनूरच्या पाण्यात जाणार असाल तर तरंगणारी मूठ किंवा फोमचा तुकडा जोडा, कारण कॅमेरा पाण्यात दगडासारखा बुडतो. काचेवर थेंब राहतात त्यावर पाणबुड्यांचा जुना उपाय चालतो: काचेला थुंकी चोळा, पाण्यात बुडवून काढा.

केदारकुंडासारख्या ठिकाणी पावसाळ्यात पाण्याचा जोर अचानक वाढतो. कॅमेऱ्याच्या पडद्यात बघत पुढे सरकू नका.

रॅपलिंग (दोरावरून उतरणं) आणि कडा चढताना?

छातीवरचा पट्टा टाळा, तो दोराच्या आणि उतरायच्या उपकरणाच्या मधे येतो. हेल्मेटच्या पुढे, शक्य तितका चपटा लावा. गाठी तपासून होईपर्यंत आणि वरून होकार येईपर्यंत कॅमेऱ्याला हात लावू नका. चालू करायचं काम त्याआधी उरकून घ्या. आणि पहिल्यांदाच उतरत असाल तर कॅमेरा खालच्या मित्राकडे द्या. पॅराशूट उडीत तर अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेने कॅमेऱ्याआधी किमान २०० उड्यांचा अनुभव सुचवला आहे. लक्ष विभागलं जाणं हाच तिथला धोका.

सारंगखेड्याला घोड्यावरून चित्रण करायचं आहे.

कॅमेऱ्याची बीप आणि लुकलुकणारा दिवा आधी बंद करा. नवख्या घोड्याला कानाजवळचा टिकटिकाट सहन होत नाही. हेल्मेट डोक्यावर घट्ट हवं, सैल हेल्मेटवर कॅमेऱ्याचं वजन आलं की ते दौडीत डोळ्यांवर घसरतं. यात्रेतल्या घोड्याच्या मालकाला विचारूनच चित्रण करा.

जंगलात परवानगी लागते का?

यावल, गौताळा-औट्रमघाट आणि अनेर ही अभयारण्यं आहेत. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम २८ नुसार अभयारण्यात जाण्यासाठी परवानगी लागते, आणि ती ज्या कारणांसाठी दिली जाते त्यांत छायाचित्रणही आहे. नाक्यावर विचारा, शुल्क भरा, ठरलेल्या रस्त्यावरच राहा. चित्रणासाठी गाडी नाल्यात किंवा गवतात घालणं हा गुन्हाही आहे आणि त्या जागेवर अन्यायही. पितळखोऱ्याच्या लेण्यांत हेल्मेट घालून वाकताना कॅमेरा भिंतीला, चित्रांना घासतो. तिथे तो काढून हातात घ्या.

गावातली माणसं चित्रणात आली तर?

हा प्रश्न कमी जण विचारतात, सगळ्यांनी विचारायला हवा. हातातला मोबाइल समोरच्याला दिसतो, हेल्मेटवरचा कॅमेरा चालू आहे हे त्याला कळतच नाही. धडगाव, मोलगीच्या बाजारात, काठीच्या राजवाडी होळीत किंवा अस्तंब्याच्या यात्रेत माणसं आपल्या सणाला, आपल्या कामाला आलेली असतात. गाव लागलं की कॅमेरा बंद करा, हेल्मेट काढा, बोला, विचारा. हो म्हणाले तर पुन्हा चालू करा. लहान मुलांचे आणि नदीवर अंघोळ करणाऱ्यांचे चेहरे तर हो म्हटलं तरी टाकू नका.

अक्राणीत नेटवर्क नसतं. काही अडचण?

पुष्कळ नवे कॅमेरे पहिल्यांदा मोबाइल अ‍ॅपमधून सुरू करावे लागतात, आणि त्याला इंटरनेट हवं. हे काम, सॉफ्टवेअरचं अपडेट आणि घड्याळ लावणं घरीच करा. एकदा झालं की नेटवर्कशिवाय सगळं चालतं. हातमोजे घातले असतील तर एका बटणात सुरू होऊन लगेच चित्रण घेणारी सेटिंग चालू ठेवा.

वापरलेला कॅमेरा घेताना काय बघू?

दाराची रबरी कड, पुढच्या काचेवरचे ओरखडे, चार्जिंगचं भोक आणि बॅटरीचा फुगवटा. माउंटला जोडायच्या खालच्या पट्ट्या वाकलेल्या आहेत का ते हलवून बघा. मग स्वतःचं कार्ड टाकून ४के मध्ये सलग वीस मिनिटं चित्रण करा, शक्यतो दुपारी, आणि ते मोबाइलवर नव्हे तर संगणकावर पाहा. भिंगाच्या आत दमटपणाचा डाग असेल तर किंमत कितीही उतरली तरी घेऊ नका. विकणाऱ्याला कॅमेरा त्याच्या अ‍ॅपच्या खात्यातून तुमच्यासमोर काढायला सांगा, आणि मूळ बिल असेल तर मागून घ्या.